जिन्याची पाळी

निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाचं भाषण ऐकायला जाऊ नये, त्याच्या घरचा जिना बघून यावा, असं आमचे घरमालक छातीठोकपणे सांगत. आणि नुसतं सांगून थांबत नसत. बॉबलिंगेनच्या भिंतींवर उमेदवारांचे फोटो लागले की रविवारी चर्च सुटल्यावर ते काळा कोट चढवून निघत आणि एकेकाच्या घरी जाऊन, दार उघडं असेल तर सरळ आत डोकावून, पायऱ्या तपासत. कोपऱ्यात धूळ आहे का, कठडा पुसलाय का, पायपुसणं झटकलंय का. परत आले की जेवणाच्या टेबलावर निकाल जाहीर व्हायचा. "तो सोनेरी चष्मेवाला बाद. तिसऱ्या पायरीवर गेल्या आठवड्याची पानं!"

मग ते मला शाळेतल्या मास्तरांसारखे समजावून सांगत, की इथे प्रत्येकाला दोन मतं असतात. पहिलं माणसाला, दुसरं पक्षाला. "पक्षांचं मला काही कळत नाही. पण पहिलं मत जिना बघूनच द्यायचं. दोन-दोन मतं हातात आहेत, आणि लोक म्हणतात काय, तर आज ऊन छान पडलंय, फिरायला जाऊ!"

मतदानाच्या दिवशी ते सकाळी आठाच्या ठोक्याला तयार होऊन शाळेच्या फाटकापर्यंत जात. टोपी हातात घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत तासभर उभे राहत, आणि तसेच घरी येत. आत कधी गेले नाहीत, कारण त्यांना स्वतःला एकही मत नव्हतं. त्याच गावात जन्मलेला, त्याच गावात म्हातारा होत चाललेला हा माणूस कागदोपत्री कुठल्याच देशाचा नव्हता. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्या फाटकातून आत जायचं एवढीच त्यांची इच्छा होती. मला हे कळायला दीड वर्ष लागलं, आणि कळलं तेही माझ्याच एका मूर्खपणामुळे.

मालक म्हणायची मला सवय लागली, पण खरं तर तेही भाडेकरूच होते. मी पुण्याहून मेकॅनिकल करून झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात प्रॅक्टिकुमला, म्हणजे काम शिकायला, आलो होतो. शेजारच्या बॉबलिंगेनमध्ये खोल्या स्वस्त मिळतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून पत्त्यांची यादी घेऊन हिंडत होतो. फोनवर रिकामी असलेली खोली मी दारात उभा राहिलो की भरलेली असायची. अशी सहा दारं झाली. सातवं दार उघडलं आणि मी दचकलो. समोर एक उंच, काळ्या वर्णाचे, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. पांढरे होत चाललेले केस चापूनचोपून बसवलेले, अंगावर चामड्याचा एप्रन. गावाबाहेर अमेरिकन सैन्याची छावणी होती, तिथलेच कोणी असणार असं समजून मी माझ्या उत्तमोत्तम इंग्रजीत "गुड इव्हनिंग, सर" म्हटलं. हा कोणाशी बोलतोय हे बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं.

मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून इतकी गावरान श्वेबिश बोली बाहेर पडली की माझं मॅक्स म्युलर भवनातलं जर्मन जागच्या जागी गारठलं. तिसऱ्यांदा त्यांनी सावकाश सांगितलं तेव्हा कळलं. "खोली आहे. माळ्यावर. पण जिन्याची पाळी चुकवायची नाही."

त्या भागात ही पाळी म्हणजे धर्मच. घरातल्या प्रत्येक बिऱ्हाडाने एकेक आठवडा सामायिक जिना आणि समोरचा फूटपाथ झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लहानशी लाकडी पाटी लटकते. शनिवारी संध्याकाळी काम संपलं की ती आपण नेऊन पुढच्या दारावर अडकवायची. या पाळीच्या आठवड्याला केरवोखे म्हणतात. त्या नावात आपला केर आहे हे बघून मला हसू आलं होतं, पण ते त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. आमच्या घरात तीन बिऱ्हाडं होती. तळमजल्यावर एक विधवा बाई, पहिल्या मजल्यावर मालक, माळ्यावर मी. मी नुसता पोटभाडेकरू, पण मालकांनी मला स्वतंत्र बिऱ्हाडाचा दर्जा देऊन टाकला होता. मला वाटायचं, हे सगळं मला राबवून घेण्यासाठी चाललंय.

ते पेशाने सॅटलर, म्हणजे चामड्याचं काम करणारे. एका लहान कार्यशाळेत दप्तरं, पट्टे, खुर्च्यांच्या बैठका शिवत. शिवताना जी नजर, तीच झाडताना. पायरीच्या कोपऱ्यासाठी दात घासायचा जुना ब्रश, मग ओलं फडकं, मग मेण. माझी पाळी झाली की ते खिशातून पांढरा रुमाल काढून कठड्याखालच्या पट्टीवरून फिरवत. रुमाल जरा जरी मळला तरी एकच शब्द. "आल्झो." म्हणजे, 'तर मग', अर्थात पुन्हा. पुण्यात आयुष्यात कधी केरसुणी हातात न धरलेला मी, इंजिनियरिंगची डिग्री घेऊन, कंपनीच्या कँटीनमधलं बटाट्याचं सूप पोटात घेऊन, रात्रीच्या जेवणाआधी गुडघ्यांवर बसून त्या म्हाताऱ्याच्या नावाने बोटं मोडत असे.

त्यांच्या खोलीत शिवणाच्या टेबलावर एक फोटो होता. कडक कॉलरमधला एक तरुण आफ्रिकन, हातात घोड्याचं खोगीर. त्यांचे वडील. कैसरच्या काळात कामेरुन ही जर्मनांची वसाहत होती. तिथून कोणा साहेबाने धंदा शिकायला म्हणून त्यांना इथे आणलं. ते शिकले, इथल्याच एका सॅटलरच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि इथेच वारले. एवढं मालकांनी मला एकदा सांगितलं होतं. मी त्यातलं फक्त 'कामेरुन' लक्षात ठेवलं.

मग ते नवीन वर्ष उजाडलं. माझा एक मित्र स्टुटगार्टला टेक्निकल युनिव्हर्सिटीत होता. तो पेपर घेऊन आला. कामेरुन स्वतंत्र झाला होता.

"अरे, तुझे ते मालक तिथलेच ना?" तो म्हणाला. "मग बसलायस काय नुसता? यू मस्ट काँग्रॅच्युलेट हिम! सत्तेचाळीस साली आपल्याला कसं वाटलं होतं, आठव जरा."

मला आठवलं. शाळेत वाटलेला पेढा आठवला, बाबांचे भरून आलेले डोळे आठवले. आम्ही दोघे उत्साहाने पेटलो. रवा इथे मिळतोच. लोणी होतं, साखर होती, मनुका होत्या. वेलची नाताळच्या बिस्किटांतून उरलेली तळमजल्यावरच्या बाईंनी दिली. झकास शिरा झाला. मी ताटली घेऊन खाली गेलो. मालक दप्तराचा पट्टा शिवत होते.

"अभिनंदन!" मी म्हणालो. "तुमचा देश स्वतंत्र झाला."

त्यांनी आरी खाली ठेवली. "माझा देश?"

"कामेरुन."

"तू गेलायस तिथे कधी?"

"नाही."

"मीही नाही," ते म्हणाले. शिऱ्याचा एक चमचा त्यांनी तोंडात घातला, नीट खाल्ला, "गोड आहे" म्हणाले, आणि पुन्हा आरी उचलली. मी जिना चढून वर आलो तेव्हा मित्राला म्हटलं, थंड माणसं ही, यांना कशाचं काही नाही.

पुढच्या शनिवारी माझ्या दारावर पाटी आली नाही. माझी पाळी होती, पण पाटी पहिल्या मजल्यावरून सरळ तळमजल्यावर गेली. मी मनात म्हटलं, सुटलो! शिरा कामी आला म्हणायचा. दोन आठवड्यांनी परत तेच. मालक माझ्याशी नमस्कारापलीकडे बोलत नव्हते, पण गुडघे दुखत नव्हते, त्यामुळे मला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

एके दिवशी तळमजल्यावरच्या बाई पायरीवर फडकं फिरवत होत्या. मला बघून थांबल्या. "इंजिनियरसाहेब, तुमची पाळी त्यांनी का काढून घेतली? काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. बरंच झालं की."

"नाही हो, बरं नाही," त्या म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. फडकं पिळता पिळता सांगू लागल्या. "त्या बारा वर्षांत आम्ही त्यांच्या दारावर पाटी लावली नाही. नाझींच्या काळात. माझ्या नवऱ्याने सांगितलं, की त्याला वगळ, सरळ माळ्यावरच्यांना दे. मी देत होते. पाटी हातात घेऊन त्यांच्या दारावरून वर जात होते."

"आणि ते?"

"दार उघडून उभे असायचे. पाळीच्या दर शनिवारी. कोट घालून, टाय लावून. मी खाली बघून वर जायचे."

"मग?"

"मग युद्ध संपलं. नवरा परत आला नाही. मी पाटी घेऊन त्यांच्या दारापाशी गेले. ते उभेच होते. म्हणाले, 'उशीर केलात.' आणि आत जाऊन झाडू घेऊन आले."

मला त्या क्षणी माझी भयंकर लाज वाटली. ज्या माणसाला बारा वर्षं या घरातून वगळलं होतं, त्याला मी मोठ्या प्रेमाने, वेलची घालून, पुन्हा बाहेरचा ठरवून आलो होतो. आणि आपण बाहेरचे म्हटल्यावर कसं वाटतं, हे त्यांनी मला त्यांना ठाऊक असलेल्या एकाच रीतीने दाखवलं होतं. मला तर तेही कळलं नव्हतं. वर मी खूश होतो.

माझ्या पाळीच्या शनिवारी मी पुण्याहून आणलेला सूट घातला आणि संध्याकाळी पाचपासून माळ्याच्या दारात उभा राहिलो. सहाच्या सुमाराला मालक पाटी घेऊन आपल्या दाराबाहेर आले. खाली उतरायला वळले आणि त्यांची नजर वर गेली. ते थांबले. मग एकेक पायरी चढत वर आले.

"मला माफ करा," मी म्हणालो. "तुमचं गाव कोणतं ते मी विसरलो होतो."

"कोणतं?"

"बॉबलिंगेन."

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "टाय सरळ कर." आणि पाटी माझ्या दारावर अडकवली.

त्या रात्री जेवताना ते पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले. त्या बारा वर्षांबद्दल फार नाही. एका मुलीशी लग्न ठरलं होतं, कचेरीने परवानगी दिली नाही, तिचं पुढे दुसरीकडे झालं. कार्यशाळेतलं काम गेलं तेव्हा पोटासाठी सिनेमात रानटी माणसाची कामं केली. गवताचा झगा घालायचा, भाला नाचवायचा आणि काहीतरी अगम्य ओरडायचं. "मी घसा ताणून ओरडायचो, जिना झाडा, मेल्यांनो, जिना झाडा! तिथली सगळी मंडळी बर्लिनची, त्यांना आमची बोली कुठली कळायला? म्हणायची, वा, काय अस्सल आफ्रिकन!" हे सांगताना ते हसले, मीही हसलो, आणि मग त्यांनी उठून ताटल्या गोळा केल्या.

त्यांच्या कागदांचा घोळ असा होता. त्या वेळच्या कायद्याने लग्नाच्या मुलाला बापाचं नागरिकत्व मिळे, आणि लग्नाशिवाय झालेल्या मुलाला आईचं. बाप वसाहतीतला, म्हणजे जर्मनांच्या ताब्यातला पण जर्मन नाही. पुढे वसाहत गेली आणि बाप कोणाचाच राहिला नाही. "माझी आई चर्चमध्ये गेली तेव्हा जर्मन होती, लग्न लावून बाहेर आली तेव्हा नव्हती. तिने लग्न केलं नसतं तर मी जर्मन झालो असतो," ते म्हणाले. दरवर्षी त्यांना परक्यांच्या कचेरीत जाऊन एक करडा पासपोर्ट नवा करून घ्यावा लागे. त्यात देशाच्या रकान्यात लिहिलेलं असे, 'देश नाही'.

पुढच्या खेपेला आम्ही कचेरीत बरोबरच गेलो. माझाही परवाना संपत आला होता. तिथे एक नवीन, तरुण साहेब आला होता. मनाने चांगला वाटला. त्याने मालकांची जाडजूड फाइल आधीच वाचून ठेवली होती आणि त्याचा चेहरा खुलला होता.

"तुमचं काम होण्यासारखं आहे," तो म्हणाला. "जन्म इथला, आई इथली, साक्षीदार आहेत. आईवडिलांचं लग्न झालं म्हणता, पण नोंदवही तर बाँबहल्ल्यात जळाली. आडनाव वडिलांचं लावत असाल, ते काय, लोक लावतात. लग्नाचा पुरावा नसेल तर कायद्याने तुम्ही फक्त आईचे. आणि आईचे म्हणजे जर्मन, अगदी जन्मापासून." मग त्याने मालकांकडे रोखून बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "दाखला तुमच्याकडे नसेलच. युद्धात किती कागद गेले. नाही का?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. सप्टेंबरात निवडणूक होती. मी त्यांच्या कोपराला हळूच ढोसलं सुद्धा.

मालकांनी त्यांची चामड्याची बॅग मांडीवर घेतली. खिशातून लहान सुरी काढली आणि साहेबाला विचारलं, "परवानगी आहे?" मग बॅगेच्या अस्तराची शिवण ते एकेक टाका करून उसवू लागले. टाके त्यांनीच घातलेले होते, बारीक आणि सारखे. आतून घडी घातलेला एक कागद निघाला. तो त्यांनी साहेबासमोर उलगडून ठेवला. लग्नाचा दाखला, शिक्क्यासकट.

"हा टेबलावर आला तर मला बघावा लागेल," साहेब अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "अजून उचलू शकता."

"बघा," मालक म्हणाले. "माझी आई बाजारात निघाली की लोक तिला काय काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत नाही. तिने हा कागद फ्रेम करून दाराशी लावला होता. येणाऱ्याने आधी तो वाचावा आणि मग आत यावं म्हणून. आता मत मिळवण्यासाठी मीच तिला तसली बाई ठरवू?"

साहेबाने दाखला वाचला, फाइलला लावला आणि मान खाली घातली. मग त्याने परक्या माणसाने नागरिकत्व मागायचा अर्ज पुढे केला. मालकांनी तो तिथेच, माझ्या पेनने भरला. 'जर्मनीत कधी आलात?' या रकान्यात त्यांनी आपली जन्मतारीख लिहिली. 'कुठून आलात?' इथे आईचं नाव लिहिलं. साहेब म्हणाला, असं चालणार नाही. मालक म्हणाले, खोटं मला लिहिता येणार नाही. तो अर्ज विचाराधीन झाला आणि विचाराधीनच राहिला.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, आई कधीच गेली, तिला काय कळणार होतं? ते घरापर्यंत चालत आले आणि दाराशी थांबून म्हणाले, "फूटपाथवर पानं पडलीत. पाळी कोणाची?" माझी होती.

सप्टेंबरात ते नेहमीसारखे तयार होऊन शाळेच्या फाटकाशी गेले. या वेळी मीही सूट घालून शेजारी उभा राहिलो. आम्ही दोघे मिळून सगळ्या गावाला नमस्कार करत होतो. तळमजल्यावरच्या बाई मत देऊन बाहेर आल्या आणि तिसऱ्या म्हणून आमच्या रांगेत उभ्या राहिल्या.

साठचं दशक संपायच्या आधी ते गेले. गुरुवार होता आणि पाटी त्यांच्याच दारावर होती. त्या आठवड्याचं झाडणं बाईंनी आणि मी मिळून पूर्ण केलं. मृत्यूची नोंद करायला मी गेलो. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात तिथल्या माणसाने 'अनिर्णित' असं लिहिलं. मी भांडलो. जर्मनमध्ये इतक्या मोठ्याने भांडता येतं हे मला त्या दिवशी कळलं, पण शब्द काही बदलला नाही.

मी परत गेलो नाही. नोकरी, लग्न, मुलगी, सगळं इथेच झालं. बऱ्याच वर्षांनी मीही तोच अर्ज भरला. जर्मनीत कधी आलात? मला तारीख पाठ होती. कुठून आलात? पुणे. सगळी उत्तरं रकान्यात नीट बसली आणि काही महिन्यांत एका बाईंनी हसत हसत, हात मिळवून मला कागद दिला. मी कुठून तरी आलो होतो, म्हणून मला जर्मन होता आलं. ते कुठूनच आले नव्हते. घरी येऊन मी एकटाच बसून रडलो.

त्यानंतरच्या निवडणुकीआधी एका रविवारी मी मुलीला घेऊन गावात निघालो. उमेदवारांचे पत्ते काढून ठेवले होते. एका दारात वाकून मी पायऱ्यांचे कोपरे बघत होतो, तेव्हा ती लाजेने लाल होऊन मला ओढायला लागली. "पापा, वास माख्स्ट डू डा?" हे काय करतोयस, असं ती विचारत होती. मी तिला म्हटलं, "काम आहे, जरा थांब."

मतदान त्याच शाळेत होतं. फाटकाशी मी क्षणभर थांबलो, मग आत गेलो. दुसरं मत मी माझ्या मनाप्रमाणे दिलं. पहिलं मत मी अशा एका माणसाला दिलं, ज्याचा पक्ष मला मुळीच पसंत नव्हता आणि अजूनही नाही. पण त्याच्या घरचा जिना कोपऱ्यापर्यंत झाडलेला होता.